पुढचा शुक्रवार म्हणजे नक्की कुठला?

मंगळवारी कोणी म्हणालं, "पुढच्या शुक्रवारी भेटू", की मी हमखास विचारतो, "ह्या की त्या?" आमच्या घरी येता शुक्रवार वेगळा आणि पुढचा शुक्रवार वेगळा. सगळ्यांकडे तसं नसतं.

प्रोग्रॅम लिहिताना मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तिथेच बोंब होते. रिक्वायरमेंटमध्ये एकच ओळ असते: बिलाची मुदत पुढचा शुक्रवार. आपण नेहमीचं गणित करतो. हव्या वाराच्या आकड्यातून आजचा वजा करा, सात मिळवा, सातने भागा, बाकी येईल तितके दिवस पुढे जा. मंगळवारी कोड लिहिला, बाकी आली ३. टेस्ट पास, चला चहाला!

शुक्रवारी बाकी येते शून्य. म्हणजे 'पुढचा' शुक्रवार आजच. मी हे स्वतः करून बसलोय. शुक्रवारी निघालेल्या सगळ्या बिलांवर त्याच दिवसाची मुदत छापली गेली, आणि शनिवारी सकाळी लोकांना उशिराचा दंडसुद्धा लागला. तो परत करण्यात अख्खा सोमवार गेला. शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

बाकीचे घोळ त्यामानाने किरकोळ. पायथनच्या वीकडेमध्ये सोमवार ०, जावास्क्रिप्टच्या गेटडेमध्ये रविवार ०, जुन्या जावा कॅलेंडरमध्ये रविवार १. ते सात मिळवायला विसरलात तर -३ भागिले ७ ची बाकी जावा -३ देतं, पायथन ४. पण हे शोधलं की सापडतं. आपल्याला नक्की काय हवंय ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडत नाही. पीएचपीला नुसतं 'फ्रायडे' सांगा किंवा 'नेक्स्ट फ्रायडे', सहा दिवस उत्तर एकच. फक्त शुक्रवारी पहिलं आज म्हणतं, दुसरं सात दिवसांनी.

म्हणून २०१४ साली आलेल्या जावा ८ मधली 'नेक्स्ट' आणि 'नेक्स्टऑरसेम' ही जोडी मला भारी आवडते. दुसरं नाव बोजड आहे, मान्य. पण दोन्ही समोर दिसली की टाइप करतानाच हात थांबतो. नुसतं 'गेटनेक्स्टफ्रायडे' नावाचं फंक्शन आता मी रिव्ह्यूमध्ये सरळ परत पाठवतो. टीममधली पोरं वैतागतात, वैतागू देत.

आणि रिक्वायरमेंट देणाऱ्याला एवढंच विचारतो, "आजच शुक्रवार असला तर?" फोनवर जरा वेळ शांतता. मग, "थांबा हं, विचारून सांगतो."