निवेदनातली तिसरी ओळ



दारू हा विषय या पानांना नवा नाही. दारूपायी मोडलेले संसार, गहाण पडलेली भांडी, दुकानावर गेलेले मोर्चे हे आपण वारंवार लिहिले आहे आणि पुढेही लिहावे लागेल. आजवर आपण बहुतेक वेळा दाराबाहेर उभे राहून लिहिले. या वेळी बारच्या आत जाऊ या. आत एक बाई गाते आहे, आणि तिच्याबद्दल आपले म्हणणे काय, हे चळवळीने अजून धडपणे ठरवलेले नाही.

मुंबई-पनवेलसारखा डान्सबारचा झगमगाट खानदेशात नाही. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत जळगावला निघालो की रस्त्याच्या कडेने 'परमिट रूम'च्या पाट्या लागतात. हे नाव मोठे गमतीचे आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने राज्यात पिण्यासाठी परवाना हवा, म्हणून ही परवानेवाल्यांची खोली. आत बसलेल्या किती जणांच्या खिशात परवाना असतो, हे विचारायला मात्र कोणी जात नाही. बहुतेक ठिकाणी नुसता टीव्ही लावलेला असतो. काही थोड्या जागी संध्याकाळी की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि एक-दोन गाणाऱ्या बाया असतात.

अशा एका ठिकाणी आम्ही दोघी कार्यकर्त्या कामानिमित्त तासभर बसलो. खोटे कशाला लिहू, जागा वाईट वाटली नाही. बसकी खोली, लाल-निळे दिवे, भिंतीला ओल, टेबलावर शेंगदाणे आणि कांदा. अंडा भुर्जीचा वास. जिनिंगमधले कामगार, हमाल, ट्रकवाले, दोन-चार कारकून. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून चाळिशीची एक बाई जुनी सिनेमाची गाणी म्हणत होती आणि मध्येच फर्माईश आली की अहिराणी गाणे. आवाज थकलेला होता, पण सूर पक्का. कागदाच्या चिठ्ठीवर गाण्याचे नाव येई, बरोबर दहा-वीसची नोट. तिने एक जुने विरहाचे गाणे घेतले तेव्हा खोली गप्प झाली. दिवसभर पोती वाहिलेला एक माणूस डोळे पुसत होता. या माणसांचे ऐकून घेणारी, त्यांना तासभर टेकू देणारी दुसरी जागा शहरात नाही, हे आपल्याला मान्य करावे लागेल. वाचनालये सातला बंद होतात आणि बागेत दिवे नसतात.

तोच माणूस आणखी दोन क्वार्टर पिऊन उठला, तेव्हा पगाराचे पाकीट अर्धे झाले होते. घरी जाऊन त्याने काय केले हे आम्ही पाहिलेले नाही, पण आपल्या केंद्रात येणाऱ्या बायकांनी ते पाहिलेले असते. गाणे ऐकून रडणारा माणूस घरी हात उचलणार नाही, अशी काही हमी नसते. बारची ही मोहिनी आणि हा दाह एकाच टेबलावर असतात. यातले एकच बघून बोलायचे आपण टाळू या.

अजून एक गोष्ट तिथे बसल्यावर मनात आली. पुरुषाला रोज संध्याकाळी टेकायला, गाणे ऐकायला, घर विसरायला जागा आहे, मग ती कितीही कळकट असो. आमच्या बायांना आखाजी आहे. लेक माहेरी येते, झोका बांधते, गाणी म्हणते. वर्षातले ते दोन दिवस. श्रावणात कानबाई येते तेव्हा रात्रभर जागरण, पण रोटांची तयारीही त्याच बायांच्या हातची. आणि आखाजीच्या त्या दोन दिवसांतही पुरुष पत्ते घेऊन पाराशी बसलेलेच असतात! बाईने संध्याकाळी विनाकारण कुठे बसायचे, हा प्रश्न आपण कधी निवेदनात घातलेला नाही.

आता निवेदनाकडे येते. धुळ्यातल्या एका वस्तीत बायांनी बारविरुद्ध निवेदन तयार केले. मागण्या रास्त होत्या. बार वेळेनंतर चालू असतो. वय न विचारता पोरांना दारू मिळते. आपल्याकडे बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे अशी अट आहे. पिणारे गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात आणि रात्री नळावर जाणाऱ्या मुलींना त्रास होतो. यात तिसरी ओळ होती: बारमध्ये बाया गाणे-बजावणे करतात, त्यामुळे वस्तीचे वातावरण बिघडते, तरी ते त्वरित बंद करावे.

ती गाणारी बाई तीन गल्ल्या सोडून राहते. त्याच बचत गटात तिचे खाते आहे, आणि बैठकीला ती आलेली होती. सगळ्यांसमोर ओळ वाचली गेली तेव्हा तिने मान खाली घातली नाही. एवढेच म्हणाली, "माले गानं येस, तेच मी इकस. दारू मी इकत नही."

बैठकीत बराच गोंधळ झाला. एक बाई म्हणाली की हिच्या गाण्यामुळेच माझा नवरा तिथे जातो. दुसरी म्हणाली की गाणे नव्हते तेव्हाही तो जातच होता, फक्त तेव्हा देशीच्या दुकानात जायचा. तिसरीने आठवण करून दिली की लगीनसराईत हीच बाई बॅण्डच्या गाडीवर उभी राहून गाते आणि तिच्यापुढे वरातीत आपण सगळ्या नाचतो. तेव्हा वातावरण बिघडत नाही का? हसू पिकले, आणि मग कोणी काही बोलेना.

या शांततेवर मी पुष्कळ विचार केला आहे. तेच गाणे, तोच गळा, तीच बाई. वरातीत पैसे वरबाप देतो आणि सोबत अख्खे गाव असते. बारमध्ये पैसे पिणारा देतो आणि बाई एकटी असते. तिच्या एकटेपणालाच आपण चारित्र्याचा दोष म्हणतो की काय?

आपल्या भागातली दारूविरोधी लढाई अशी सुरू झाली नव्हती. १९७२ च्या सुमारास शहाद्याच्या परिसरात, तो तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, श्रमिक संघटनेच्या आदिवासी स्त्रिया दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या आणि त्यांनी मडकी फोडली. शेतमजुरीचा आणि जमिनीचा लढा चालू होता, मजुरी दारूत जात होती आणि घरी मार बसत होता, म्हणून त्या निघाल्या. मारणाऱ्या नवऱ्यांनाही त्यांनी जाब विचारला. मोहाची दारू त्यांच्या सणावारात, देवकार्यात होती. दारू पाप आहे असे म्हणून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांचा रोख मजुरीवर डल्ला मारणाऱ्यावर आणि हात उचलणाऱ्यावर होता. ही आपली परंपरा आहे. 'वस्तीचे वातावरण' हा शब्द तिच्यात नाही. तो मागून, पांढरपेशा घरांतून आला.

तो शब्द कुठवर नेतो हे महाराष्ट्राने २००५ मध्ये पाहिले. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली आणि १५ ऑगस्ट २००५ पासून राज्यातले डान्सबार बंद झाले. आपल्यापैकी किती तरी संघटनांनी त्याचे मनापासून स्वागत केले. दुसऱ्या बाजूला बारगर्ल्सची संघटना, मजलिस, फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन अशा संस्था बंदीविरुद्ध उभ्या राहिल्या. चळवळ सरळ दुभंगली, मैत्रिणी मैत्रिणींशी बोलेनाशा झाल्या. कायद्याने तारांकित हॉटेलांना आणि क्लबांना मात्र सूट ठेवली होती! म्हणजे बाईची प्रतिष्ठा स्वस्त दारूच्या शेजारी जाते आणि महाग दारूच्या शेजारी टिकते, असा त्याचा अर्थ. याच भेदावर बोट ठेवत उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये बंदी रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. सरकारने २०१४ मध्ये सूट काढून पुन्हा बंदी आणली, २०१६ मध्ये तिसरा कायदा केला. त्यातल्या सीसीटीव्ही, शाळा-मंदिरापासून एक किलोमीटर अशा अटी न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये काढून टाकल्या. बक्षिसी देता येईल, नोटा उधळता येणार नाहीत, असे त्याच निकालात आहे.

या चौदा वर्षांत त्या बायांचे काय झाले? सुमारे ७५ हजार जणी बेकार झाल्या असा आकडा न्यायालयात मांडला गेला. त्यात कोल्हाटी, बेडिया, नट अशा नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींच्या मुली बऱ्याच होत्या. शासनाने पुनर्वसनाची भाषा केली, ती भाषेतच राहिली. ज्यांना जमले त्यांनी ऑर्केस्ट्राच्या परवान्यावर 'गायिका' म्हणून नाव लावले. त्यावरही पोलिसांची अट आली: मंचावर चार बाया आणि चार पुरुष, पाचवी बाई चालणार नाही. ही अट सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा राहिली, पण त्यात बाया किती आणि पुरुष किती हे आता सरकार ठरवू शकत नाही. आठही बाया असल्या तरी चालतील. हा निकाल आपल्या फार थोड्या गटांपर्यंत पोचला, म्हणून इथे मुद्दाम देते आहे.

ताजा इतिहास जरा शेजारी ठेवून पाहा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद केली, तेव्हा राज्यात ठिकठिकाणी शहरातले रस्तेच महामार्गाच्या यादीतून काढून पालिकांच्या गळ्यात घालण्याची धडपड सुरू झाली. जळगावातही त्यावरून मोठा वाद झाला. बारमालकाचा धंदा अडला तर रस्त्याचे नाव बदलता येते. गाणारीचा धंदा अडला तेव्हा एक अर्जही कोणी हलवला नाही.

याचा अर्थ बारमध्ये गाणे हे सुखाचे काम आहे, असे मुळीच नाही. हात धरणे, चिठ्ठीवर घाणेरडे लिहून पाठवणे, घरापर्यंत पाठलाग, मालकाने बक्षिसीतला वाटा कापणे, पोलिसांच्या धाडीत तोंड झाकून गाडीत बसणे, हे सगळे तिथे आहे. धाडीच्या बातमीत मालकाचे नाव येत नाही, 'इतक्या महिला ताब्यात' एवढे येते. पण छळाची जागा बारच असते, हा समज जळगावकरांनी तरी बाळगू नये. १९९४ मध्ये मुलींना फसवून, छायाचित्रांचा धाक घालून केलेल्या अत्याचारांचे जे प्रकरण शहरात उघड झाले, त्यात आरोपी म्हणून निवडून आलेल्या माणसांची नावे आली होती. त्या मुली बारमध्ये गाणाऱ्या नव्हत्या. तरी दोष कोणाच्या पदरात टाकला गेला आणि शहरातल्या साऱ्याच मुलींची लग्ने जमवताना लोक काय बोलत होते, ते जुन्या कार्यकर्त्यांना विचारा.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. बार बंद करायचा असेल तर दारूच्या मुद्द्यावर करा, आणि त्यासाठी हातात साधन आहे. २००८ च्या आदेशानुसार वॉर्डातल्या २५ टक्के स्त्री मतदारांनी सह्या करून मागणी केली तर मतदान घ्यावे लागते. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते पडली की दुकान जाते. वेळ, वय, गल्लीतला त्रास यांसाठी उत्पादन शुल्क खात्याकडे तारीखवार तक्रार करा. तिसरी ओळ मात्र काढा, आणि तिच्या जागी गाणाऱ्या बाईसाठी मागणी घाला. ती तुमच्या बैठकीत बसली आहे. मागणी तिलाच विचारून लिहा.

काय मागता येईल? वीस किंवा अधिक कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची असते. लहान बारमध्ये सहा-सात माणसे असतात, ते या कायद्यातून सुटतात. इथेच खरी भांडणाची जागा आहे. लैंगिक छळाबाबत मात्र लहान जागाही सुटत नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असले तर जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते; बाई कंत्राटावर असो की रोजावर, तिचा हक्क तोच. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी लागते.

धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांतल्या गटांनी एवढे करावे: आपापल्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर कोण आहे, तिची बैठक शेवटची कधी झाली आणि बार, ढाबा, बॅण्ड, ऑर्केस्ट्रा यांत काम करणाऱ्या एकाही बाईची तक्रार तिच्याकडे आली आहे का, हे लेखी विचारावे. उत्तर आले तर ते आणि नाही आले तर अर्जाची पोच आमच्याकडे पाठवावी. पुढच्या अंकाची चार पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.