रोजच्या लेखनाची लेखणी

नवें पायताण घ्यावयाचें असलें म्हणजे आपण कोल्हापूरचीं माणसें दुकानांत चार पावलें चालून पाहतों, अंगठ्याला कोठें टोंचत नाहीं ना याची खात्री करून घेतों, आणि दुकानदाराशीं दोन शब्द वाद घातल्याशिवाय पैसे मोजीत नाहीं. परंतु ज्या साधनानें आपला मुलगा वर्षभर दररोज कित्येक तास लिहिणार, तें मात्र आपण वाणसामानाबरोबर, सुट्या पैशांच्या ऐवजीं, न पाहतां खिशांत टाकितों. लेखणी कशी निवडावी हा विषय क्षुल्लक आहे, वार्षिकांत त्यास जागा देण्याचें कारण नाहीं, असें कांहीं वाचकांस वाटेल. कांहीं वर्षांपूर्वीं मलाहि तसेंच वाटलें असतें.

त्या वर्षीं माझ्या नववीच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याची निबंधाची वही हातांत आली कीं माझ्या कपाळाला आंठी पडे. पहिलें पान बरें, दुसरें वेडेंवांकडें, आणि तिसरें बहुधा कोरेंच. प्रत्येक परीक्षेंत शेवटचे दोन प्रश्न तो सोडून देई. मी तांबड्या शाईनें 'आळस' असा शेरा मारीत गेलों, आणि एकदां तर भर वर्गांत त्याला उभें करून त्याच्या अक्षराची थट्टाहि केली. सहामाहीनंतर एके दिवशीं शुद्धलेखनाच्या तासाला त्याचें पेन सांपडेना, म्हणून मीं माझ्या खिशांतील बॉलपेन त्याला दिलें. त्या दिवशीं त्यानें सर्व मजकूर लिहून पुरा केला. अक्षर सुंदर झालें असें मी म्हणत नाहीं. परंतु तें वाचतां येत होतें, आणि मधून मधून हात झटकण्याची त्याची रीत त्या दिवशीं दिसली नाहीं.

त्याचें पेन दुसऱ्या दिवशीं बांकाखालीं मिळालें. मीं तें घेऊन लिहून पाहिलें. कसल्याशा जाहिरातीसाठीं फुकट वांटलेलें तें पेन होतें. अंगठ्यानें जोर दिल्याखेरीज त्यांतून शाई उतरेना, आणि दहा ओळी होतांच माझ्या मनगटांत कळ आली. मग मीं मुलाचा हात पाहिला. मधल्या बोटावर, नखाशेजारीं, हरभऱ्याएवढा घट्टा होता. सहा महिने तो हात माझ्यासमोर होता. मीं वही पाहिली, हात पाहिला नाहीं. ज्या वर्गांत त्याची थट्टा केली होती, त्याच वर्गांत मीं त्याची क्षमा मागितली. मुलांना तें फारच चमत्कारिक वाटलें. तेव्हांपासून कोणाच्या अक्षरावर शेरा मारण्यापूर्वीं मी त्याचें पेन मागून घेऊन दोन ओळी लिहून पाहतों.

बॉलपेनाच्या टोंकाशीं एक बारीक गोळी असते. चांगल्या पेनांत ती टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण द्रव्याची असून धातूच्या खोबणींत बसविलेली असते. लिहितांना ती कागदावर गडगडते, आंतील घट्ट शाई अंगाला माखून घेते व कागदावर टेंकवीत जाते. गोळी व खोबण यांमध्यें अगदीं अल्प फट असते. ती अधिक झाली तर शाई ओघळते. कमी झाली, किंवा तींत कागदाचा कीस अडकला, तर गोळी अडते आणि लिहिणारा जोर करूं लागतो. सारें मर्म त्या फटींत आहे, आणि ती डोळ्यांस दिसत नाहीं. पेनाचा रंग पाहून निवड करणाऱ्याची फसगत होते ती यामुळेंच.

ही युक्ति साधावयास अर्धशतक लागलें. अमेरिकेंतील जॉन लाउड यानें १८८८ सालीं चामड्यावर खुणा करण्यासाठीं गोळीच्या लेखणीचें पेटंट घेतलें, परंतु कागदावरील नाजूक लेखनास ती निरुपयोगी ठरली. पुढें लाझ्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराच्या ध्यानीं आलें कीं, छापखान्यांतील शाई झटकन वाळते, मात्र ती इतकी घट्ट असते कीं फाउंटनपेनांतून उतरत नाहीं. रसायनशास्त्र जाणणाऱ्या आपल्या भावाच्या साह्यानें त्यानें शाई व गोळी यांची सांगड घातली आणि १९३८ मध्यें पेटंट घेतलें. तो यहूदी होता. त्या काळच्या छळामुळें त्याला युरोप सोडून अर्जेंटिनांत आश्रय घ्यावा लागला, व सुधारलेल्या लेखणीचें पेटंट त्यानें तेथें १९४३ सालीं मिळविलें. उंचावर फाउंटनपेन गळूं लागतें, म्हणून ब्रिटिश विमानदलानें हीं पेनें मागविलीं. १९४५ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानांत अशा प्रकारचें पेन साडेबारा डॉलरांस विक्रीला आलें, तेव्हां घेणाऱ्यांची झुंबड उडाली. ज्या वस्तूसाठीं त्या दिवशीं एवढी गर्दी झाली, ती आज आमचीं मुलें बांकावर विसरून जातात व परत मागावयासहि येत नाहींत.

आपल्याकडे पूर्वीं बोरू होता. कोल्हापूरच्या पुरालेखागारांत मोडीचे जे जुने कागद आहेत, ते पाहण्याचा योग आला तर अवश्य पाहावे. कारकून बरूचें कांडें चाकूनें तासून, टोंक तिरकें छाटून, आपल्या वळणाला जुळवून घेई, आणि मग हात न उचलतां ओळच्या ओळ पुढें सरकत असे. लेखणी हाताजोगी घडविली जात होती. आतां हातानें लेखणीजोगें वांकावें अशी आपण अपेक्षा करितों. बायबलाच्या वाचकांसाठीं एक गोष्ट जातां जातां सांगतों. योहानाच्या तिसऱ्या पत्राच्या शेवटीं, शाई व लेखणीनें लिहिण्यापेक्षां समक्ष भेटून बोलावें अशी इच्छा प्रकट केली आहे. तेथें लेखणीसाठीं मूळ ग्रीक भाषेंत 'कालामोस' असा शब्द आहे. त्याचा अर्थ बरू. आपला 'कलम' हा शब्द अरबीच्या मार्गानें त्याच घरून आलेला आहे.

बोरूमागून टाक आला व टाकामागून फाउंटनपेन. मुंबईस दांडेकरांनीं १९३१ सालीं शाईची पूड व वड्या करण्याचा धंदा सुरू केला. ती पूड पाण्यांत कालवून शाई करणारी आमची वडील पिढी अद्यापि त्या दिवसांच्या गोष्टी मोठ्या प्रेमानें सांगते. आमच्या शिक्षकांच्या खोलींत एक ज्येष्ठ सहकारी त्याच मताचे आहेत. 'बॉलपेन आलें आणि अक्षर गेलें,' हें त्यांचें आवडतें वाक्य. पांचवीपासून सर्वांवर फाउंटनपेनाची सक्ति करावी असा त्यांचा आग्रह आहे. त्यांच्याविषयीं मला आदर आहे, आणि त्यांच्या म्हणण्यांत अर्धें सत्यहि आहे. फाउंटनपेनाचें निब दाबलें कीं त्याचीं दोन्ही पातीं फाकतात, रेघ जाड होते, कागद ओरखडला जातो; म्हणजे लेखणी तेव्हांच्या तेव्हां तक्रार करिते. बॉलपेन दाबलें तरी मुकाट्यानें सोसतें, इतकेंच नव्हे तर दाबणाऱ्याला अधिक गडद रेघ देऊन त्याच्या खोडीला उत्तेजन देतें. हात बिघडतो तो येथें. परंतु यावर उपाय सक्ति हा नव्हे. शाई गळून ज्याचा एकुलता एक गणवेश डागाळतो, त्या मुलाच्या घरीं जाऊन मग सक्तीची गोष्ट बोलावी. पूर्वीं जें काम निब करीत असे, म्हणजे दाबणाऱ्यास वेळींच टोंकणें, तें आतां शिक्षकानें व आईबापांनीं केलें पाहिजे. आणि दाबावें लागणार नाहीं असें पेन त्याच्या हातीं दिलें पाहिजे.

तें ओळखावें कसें? दुकानांत गेल्यावर मुलें कागदाच्या कपट्यावर वेटोळीं काढितात किंवा सही करून पाहतात. वेटोळें कोणत्याहि पेनाचें बरें येतें, आणि सही करितांना हात लिहीत नसतो, धांवत असतो. यासाठीं रेघी वहीच्या पानावर, बोटांचा जोर न लावतां, पांचसात ओळी मजकूर लिहावा, आणि तो मराठींतच लिहावा. आपल्या अक्षरांत गांठी फार. 'ळ', 'थ', 'क्ष' यांच्या वळणावर शाईचा ठिपका सांचला तर गांठ बुजून अक्षर आंधळें होतें. शिवाय शब्द पुरा झाल्यावर शिरोरेघ ओल्या अक्षरांच्या माथ्यावरून जाते. शाई वाळावयास वेळ घेत असेल तर ती तेथेंच फांसते. लिहून झाल्यावर पान उलटून पाठीवरून बोट फिरवावें. ब्रेल लिपीप्रमाणें अक्षरें बोटाला लागलीं तर हातानें नकळत जोर केला असें समजावें व तें पेन परत ठेवावें.

गोळीचा व्यास बहुधा ०.७ किंवा १ मिलिमीटर असतो; रेघ त्याहून बारीक उमटते. लहान अक्षर असणाऱ्यास ०.७ ची गोळी पुरे. ज्याचा हात जड आहे त्यानें १ ची घ्यावी, ती अधिक मोकळी फिरते. ०.५ ची रेघ दिसावयास सुबक असते, परंतु आपल्या स्वस्त वह्यांच्या कागदांत ती रुतते. जेलपेन अलगद चालतें याविषयीं वाद नाहीं. त्याची शाई पाण्याच्या आधारानें केलेली असल्यामुळें जोर लागत नाहीं. पण त्याची रिफिल लवकर संपते, आणि डावखुऱ्या मुलाचा हात ओल्या अक्षरांवरूनच पुढें सरकत असल्यामुळें त्याची करंगळी व बाही दोन्ही निळीं होतात. डावखुऱ्यास साधें बॉलपेनच बरें. मार्चमध्यें परीक्षेच्या खोलींत हाताला घाम सुटतो, म्हणून अगदीं गुळगुळीत नळीचें पेन नको. आणि परीक्षेला कोरें पेन कधींहि नेऊं नये, आठ दिवस हाताखालून गेलेलें न्यावें. समारंभांत भेट मिळालेलीं धातूचीं जड पेनें खिशाला शोभा देतात, तीन तासांच्या उत्तरपत्रिकेला नव्हे. उलट, पांच-दहा रुपयांच्या साध्या पेनांत मला कित्येक उत्तम आढळलीं आहेत. गरिबीचा प्रश्न येथें मुळींच येत नाहीं, फक्त लिहून पाहण्याचा येतो. मात्र ज्याची रिफिल आपल्या गल्लींतील दुकानांत मिळते असेंच पेन घ्यावें, नाहीं तर शाई संपली कीं चांगली नळी कचऱ्यांत जाते. लहान मुलांस टोंकाला छिद्र असलेलें टोपण द्यावें. मुलें टोपण चावतातच. तें चुकून घशांत अडकलें तर श्वास अगदीं बंद होऊं नये, यासाठीं तें छिद्र ठेविलेलें असतें.

बॉलपेनाच्या बाजूचा एक साक्षीपुरावा आमच्या गांवानें स्वतः दिला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्यें पंचगंगेचें पाणी चिखली-आंबेवाडीपासून शहराच्या सखल भागापर्यंत पसरलें, तेव्हां माणसांनीं जीव वांचविले. वह्या कोण उचलणार? पूर ओसरल्यावर कांहीं मुलांनीं भिजलेल्या वह्या शाळेच्या व्हरांड्यांत वाळत घातल्या. जेलनें व फाउंटनपेनानें लिहिलेल्या पानांवर निळे ढग उरले होते. बॉलपेनाचीं अक्षरें मात्र कागद फुगून सुरकुतला तरी जागच्या जागीं होतीं, कारण तिची शाई तेलकट असते व पाण्याला सहज दाद देत नाहीं. एका मुलीनें त्या पानांवरून सबंध भूगोल पुन्हां उतरून काढला. माझे ज्येष्ठ सहकारी त्या वेळीं व्हरांड्यांत माझ्याशेजारींच उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत, आणि मींहि ती संधि साधली नाहीं.

हल्लीं महाद्वार रोडवरील एका दुकानदारानें आमच्या शाळेच्या मुलांकरितां गल्ल्याशेजारीं एक रेघी वही ठेविली आहे. मुलें उभ्यानें पांच ओळी लिहितात, पान उलटून बोट फिरवितात, चार पेनें परत देतात व पांचवें घेतात. गिऱ्हाइकाला वेळ फार लागतो अशी त्यांची माझ्यापाशीं तक्रार आहे. वही मात्र भरली कीं ते दुसरी आणून ठेवितात.