सेल तपासणाऱ्या हातांना शेड हवी

कुर्ला, साकीनाक्याकडच्या भंगारातून लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या आपल्या वस्त्यांत येतात. आपली मुलं त्या खोलतात, आतले सेल तपासतात आणि चांगल्या सेलांची पॉवर बँक बनवून विकतात. या कामाला कुणी नाक मुरडू नये. बॅटरी बंद पडली तरी आतले सगळे सेल मेलेले नसतात आणि चांगला सेल ओळखायला कसब लागतं. पण हे काम चालतं त्याच खोलीत शेगडी असते, पाळणा असतो. आमचा आक्षेप आहे तो याला.

या सेलला १८६५० म्हणतात, कारण तो १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. आत पेट घेणारं द्रव असतं. पॅक उघडताना स्क्रू ड्रायव्हर आत घुसला किंवा पत्र्याच्या पट्टीने दोन्ही टोकं जुळली, तर सेल भडकतो आणि शेजारच्यालाही पेटवतो. त्याच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा फुप्फुसं जाळणारा वायू असतो. एकच दार असलेल्या खोलीत हा धूर कोंडला, तर सगळं घर संकटात येतं.

म्हणून काही नियम कडक पाळावेत. फुगलेला, चेपलेला, गळका किंवा गंजलेला सेल घेऊ नये. मीटरवर २ व्होल्टपेक्षा कमी दाखवणारा सेल पुन्हा जिवंत करायच्या फंदात पडू नये. बाकीचे ४.२ व्होल्टपर्यंतच चार्ज करावेत, तेही जागेपणी, समोर बसून. चार्ज होताना हाताला गरम लागला, तर तो बाद. आठ-दहा दिवस ठेवून पुन्हा मीटर लावावा. व्होल्ट बरेच उतरले असतील, तर तोही बाद. संरक्षक सर्किटशिवाय पॅक विकू नये. बाद सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून तो कोरड्या वाळूच्या डब्यात घराबाहेर ठेवावा आणि अधिकृत संकलन केंद्रात द्यावा. घंटागाडीत टाकू नये. तिथे तो सफाई कामगाराच्या अंगावर फुटेल.

भाजल्यास २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावं. टूथपेस्ट, हळद, बर्फ लावू नये. द्रव डोळ्यांत गेलं, तर तितकाच वेळ डोळे धुऊन दवाखाना गाठावा आणि ‘बॅटरीचं द्रव आहे’ असं डॉक्टरांना आवर्जून सांगावं. सेल पेटला, तर आधी मुलं-म्हातारी बाहेर काढावीत आणि १०१ ला फोन करावा.

पण सगळी जबाबदारी मुलांच्याच गळ्यात का? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सुटे भाग काढणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण आणि आरोग्याची देखरेख राज्याच्या कामगार खात्यावर सोपवली आहे. औद्योगिक वसाहतीत या कामासाठी जागा किंवा शेड राखून ठेवणं हे राज्य सरकारचं काम आहे. कायद्यात लिहिलेला हक्क अर्ज केल्याशिवाय दारात येत नाही, हे बाबासाहेबांच्या लेकरांना वेगळं सांगायला नको. प्रत्येक विहारात या मुलांची यादी करावी, त्यांचा गट बांधावा आणि नोंदणी व शेडसाठी कामगार खात्याकडे व उद्योग खात्याकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच जपून ठेवावी.

भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका सांगितली. आपल्या पोटासाठी दुसऱ्याला इजा होऊ नये, हा तिचा अर्थ. खराब सेल विकणाऱ्याने तो लक्षात ठेवावा आणि शेड न देणाऱ्या सरकारनेही.

जय भीम! नमो बुद्धाय!