झाड जगते, पण बी धरते का?

पावसाळा जवळ आला की आपले तरुण वृक्षारोपणाच्या तयारीला लागतात. यंदा कुणी ‘डिझेल देणारी झाडे लावू या’ असे सुचवले, तर होकार देण्याआधी वीस-बावीस वर्षांपूर्वी काय घडले ते पाहून घ्या.

31 डिसेंबर 2002 रोजी शताब्दी एक्स्प्रेस डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळून दिल्लीहून अमृतसरला धावली. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने देशभर जट्रोफा, म्हणजे आपला मोगली एरंड, लावण्याचा आराखडा मांडला. सुमारे 1 कोटी 12 लाख हेक्टरांवर लागवड करून 20 टक्के मिश्रण गाठायचे होते. तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामही त्याचा आवर्जून पुरस्कार करत. मुद्दे बिनतोड वाटत होते: पडीक जमिनीत येतो, शेळ्या-गुरे तोंड लावत नाहीत, माणसाच्या ताटातले काही जात नाही.

गफलत इथेच झाली. जट्रोफा कमी पाण्यात जगतो, हे खरे. पण भरपूर बी धरायला त्यालाही पाणी आणि खत लागते. मुरमाड माळावर झुडपे हिरवी दिसली, पोती मात्र भरली नाहीत. फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून तोडणीची मजुरी वाढते. पेंड विषारी, तीही गुरांना घालता येत नाही. बिया खाल्लेली मुले दवाखान्यात न्यावी लागतात, ते वेगळेच. 20 टक्क्यांचे स्वप्न कागदावरच राहिले आणि 2018 च्या धोरणात 2030 साठी 5 टक्क्यांचे लक्ष्य आले.

शिवाय ‘पडीक’ कुणासाठी? कागदावर पडीक असलेल्या माळावर भूमिहीनांच्या शेळ्या चरतात. त्यांत आपलीही घरे आहेत. बकरी ईदच्या बाजारात येणारे कितीतरी बोकड अशाच रानावर वाढलेले असतात. तिथे शेळी खात नाही असे झाड लावणे म्हणजे त्या घराची चूल विझवणे.

म्हणून तेलबियांची झाडे लावूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. करंज आपल्याच मातीतला आहे. ओढ्याकाठी, बांधावर, रस्त्याच्या कडेला तो वाढतो, सावली देतो, मुळांवाटे जमिनीत नत्र धरतो आणि त्याची पेंड उत्तम खत होते. फळ धरायला चार-पाच वर्षे किंवा जास्तही लागतात, आणि एक लिटर तेलासाठी साधारण चार किलो बी हवे. श्रीमंत करणारे हे पीक नव्हे. बांधावरची जोडकमाई म्हणून ठीक.

तेव्हा दोस्तांनो, रोपे फुकट मिळताहेत म्हणून उचलू नका. देणाऱ्याला आधी विचारा: बी कोण घेणार, कोणत्या भावाने, आणि घाणा गावापासून किती लांब आहे? आणि माळावर खड्डे खणण्याआधी तिथे शेळ्या चारणाऱ्या चाचींनाही विचारा.