आचारी कीं शेफ?

'आचारी' म्हटलें कीं कमीपणा येतो आणि 'शेफ' म्हटलें कीं मान वाढतो, अशी समजूत हल्लीं सुशिक्षित घरांतून रूढ झाली आहे. उलट, 'आचारी' हा मूळचा 'आचार्य'च, असें सांगून स्वभाषेचा कैवार घेणारेही आढळतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष सारखेच भ्रांत आहेत.

प्रथम शेफवाल्यांचा समाचार घेऊं. फ्रेंच भाषेंत 'शेफ' म्हणजे नुसता प्रमुख. कचेरींतला वरिष्ठही शेफच. रांधणाऱ्यास त्या भाषेंत निराळा शब्द आहे. तेव्हां हाताखालीं एकही मनुष्य नसलेल्या स्वयंपाक्यास शेफ म्हणणें म्हणजे बिनफौजेचा सेनापति नेमणें होय. याच्या उलट दैव खानसाम्याचें. तो मूळचा मोठ्या घरच्या सामानसुमानाचा कारभारी. उतरत उतरत चुलीपाशीं येऊन बसला.

आतां आचार्यपक्ष. भांडारावरून भांडारी, व्यापारावरून व्यापारी, तसा आचारावरून आचारी, हें शाळेंतल्या मुलासही उमगावें. आणि हा आचार म्हणजे सोवळेंओवळें. अमरकोशांत सूपकार, बल्लव, आरालिक, सूद, औदनिक अशीं नांवें आहेत. त्यांतला सूपकार वरणाचा, औदनिक भाताचा; कामावरून नांव पडलें. मराठीनें मात्र तें सोवळ्यावरून ठेविलें. 'स्वयंपाकी' तरी काय? दुसऱ्याच्या हातचें न खातां स्वतःपुरतें शिजविणारा, हा त्याचा मूळ अर्थ. आज तो नेमका दुसऱ्यांसाठींच शिजवितो! हाताला चव आहे कीं नाहीं, हें या दोन्ही शब्दांस ठाऊक नाहीं.

हा पंडितांचा शब्दच्छल नव्हे. २०१७ च्या एप्रिल महिन्यांत आमच्या नागपुरांत विष्णु मनोहर यांनीं सलग दोन दिवसांहून अधिक काळ स्वयंपाक करून दाखविला व त्यांचें सर्वत्र कौतुक झालें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पुण्यास एका उच्चविद्याविभूषित बाईंनीं, सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीनें जात लपविली, म्हणून पोलिसांत फिर्याद दिली. फिर्याद पुढें मागें घेतली गेली. पण तक्रार चवीची नव्हती, रांधणाऱ्या हाताच्या जातीची होती, हें विसरतां येत नाहीं. शब्दांतलें सोवळें असें शंभर वर्षांनींही जागें होतें.

शिवाय, चार घरीं पोळ्या लाटून संसार चालविणाऱ्या स्त्रीस आपण काय म्हणतों? 'पोळ्यांची बाई'! ती आचारीही नाहीं, मग शेफ कोठली?

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, 'आचारी' हा शब्द टाकूं नये. त्यांतला आचार बदलावा. स्वच्छ हात, ताजें अन्न आणि मापांत सचोटी, हा रांधणाऱ्याचा आचार. वेळेवर वेतन, हक्काची रजा आणि जातीची चौकशी न करणें, हा जेवणाऱ्याचा. हा दुसरा आचार ज्या घरीं पाळला जात नाहीं, त्या घरानें आचाऱ्यास शेफ म्हटलें काय नि आचार्य म्हटलें काय, सारखेंच!