कंसातले तुकाराम

‘(तुकाराम, १९७३)’ अशा धर्तीचे संदर्भ अलीकडे मराठीतील शोधनिबंधांत सर्रास आढळू लागले आहेत. कवी सतराव्या शतकातला, अभंग सतराव्या शतकातला, आणि कंसातले साल मात्र शासकीय गाथेच्या एका पुनर्मुद्रणाचे. निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला यात काही खटकत नाही. नियतकालिकाने ‘एपीए पद्धतीनुसार’ संदर्भ मागितलेले असतात आणि त्याने ते मागणीबरहुकूम पुरवलेले असतात. महाविद्यालयांतून मराठी शिकवणारे आम्ही काही जण या कंसाविषयी बराच काळ आपापसांत बोलत आलो आहोत. संदर्भ कसा लिहावा, हा प्रश्न आपण टंकलेखकाच्या अखत्यारीतला मानून सोडून दिला, आणि त्याची किंमत आता मराठीच्या अभ्यासाला मोजावी लागत आहे, असे आमचे मत झाले आहे.

एपीए ही अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने घडवलेली पद्धत. मानसशास्त्रात कोणता प्रयोग कधीचा, याला महत्त्व असते. म्हणून तेथे लेखकाच्या नावाला लागूनच साल येते. एमएलए ही भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या संघटनेची. तेथे नावापुढे पृष्ठांक येतो, कारण साहित्याच्या वाचकाला ते वाक्य नेमके कोठे आहे हे हवे असते. दोन्ही पद्धती आपापल्या घरी शहाण्याच आहेत. जुन्या ग्रंथाच्या संदर्भात मूळ साल आणि पुनर्मुद्रणाचे साल अशी दोन्ही देण्याची सोय एपीएमध्येही आहे. परंतु आपल्याकडे त्या पद्धतींचे ग्रंथ आले नाहीत. आली ती ‘लेखकांसाठी सूचना’ या मथळ्याखालची दीड पाने. त्या दीड पानांत संतवाङ्मयाला जागा नाही.

‘तुकारामांचा अभंग’ म्हणजे कोणत्या गाथेतला? विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली, १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत निघालेली इंदुप्रकाश छापखान्याची गाथा आहे. तिच्या आधारे मुंबई सरकारने १९५० मध्ये काढलेली गाथा आहे. विष्णुबुवा जोगांची आहे, देहूची आहे. या गाथांतील अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत, पाठ जुळत नाहीत, अभंगांची संख्याही जुळत नाही. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत तर प्रश्न अधिक गंभीर होतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या परंपरेतील प्रत घ्यावी, की राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत घ्यावी, यावर शब्दांची रूपे बदलतात, प्रत्यय बदलतात. एखादा विद्यार्थी ज्ञानेश्वरकालीन विभक्तिप्रत्ययांवर निबंध लिहितो आणि संदर्भात केवळ ‘ज्ञानेश्वर’ व छपाईचे साल देतो, तेव्हा त्याच्या विधानाखालची जमीनच नाहीशी होते. लीळाचरित्राचेही तेच. नेने, तुळपुळे, कोलते यांपैकी कोणाच्या संपादनातील लीळा, हे कळल्याशिवाय लीळेचा क्रमांक निरुपयोगी ठरतो.

म्हणजे येथे संपादक हा सूचीच्या शेवटी ‘संपा.’ म्हणून उरकायचा मनुष्य नव्हे. हस्तलिखिते धुंडाळून, पाठ ताडून त्याने जे उभे केले तेच आपण वाचतो आहोत. मराठीतील पाठचिकित्सेची सारी परंपरा या एका नावात सामावलेली असते, आणि शब्दमर्यादा गाठताना विद्यार्थी नेमके तेच नाव प्रथम गाळतो.

याच निष्काळजीपणाचे दुसरे रूप ‘महाराष्ट्र सारस्वत’च्या संदर्भांत दिसते. वि. ल. भावे १९२६ मध्ये निवर्तले. त्यांच्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीला शं. गो. तुळपुळे यांनी विस्तृत पुरवणी जोडली. आता पुरवणीतील मजकूर उद्धृत करून खाली ‘भावे’ असे लिहिले, की भाव्यांच्या पश्चात झालेले संशोधनही भाव्यांच्या नावावर जमा होते! असे निबंध छापून येतात. संदर्भातला स्वल्पविराम तेवढा योग्य जागी असतो.

नावांचे काय होते तेही पाहण्याजोगे आहे. एपीएला आडनाव आणि आद्याक्षर पुरते. मराठीत जोशी, पाटील, कुलकर्णी यांची संख्या लक्षात घेता एका अक्षराने कोणाची ओळख पटणार? पण खरा तोटा याहून मोठा आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हे पुस्तक लिहिले ते आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना नावानिशी इतिहासात आणण्यासाठी. त्याच पुस्तकाची नोंद ‘पवार, ऊ. व मून, मी.’ अशी करायची, आणि लेखिका स्त्रिया आहेत हेही कळू द्यायचे नाही, हा काय न्याय झाला? टोपणनावांचा गुंता निराळाच. कविता आरती प्रभूंची, कादंबरी चिं. त्र्यं. खानोलकरांची, सूचीत दोन टोकांना दोन लेखक आणि त्यांचा परस्परांशी संबंध दाखवणारी एक ओळही नाही.

तिरप्या अक्षरांचा आग्रह हा आम्हाला तर विनोदच वाटतो. देवनागरीला इंग्रजीसारखे तिरपे वळण परंपरेने नाही. संगणक सरळ अक्षरालाच ढकलून वाकडे करतो. ग्रंथनाम एकेरी अवतरणात देण्याची आपली रीत पुरेशी स्वच्छ होती. आमच्या एका विद्यार्थिनीचा निबंध एका नियतकालिकाने पुस्तकांची नावे तिरपी नाहीत म्हणून परत पाठवला. त्या निबंधातील एका अवतरणात दोन शब्द गळले होते, याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नव्हते.

शकाचे इसवी सन करताना डोळे मिटून ७८ मिळवणे (माघ-फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात), ‘ज्ञ’ जकारात घ्यावा की वर्णमालेच्या शेवटी याचा निर्णयच न करणे, या किरकोळ गोष्टी म्हणून सोडून देता येतील. प्रकाशनस्थळाचे तसे नाही. एमएलएने २०१६ मध्ये आणि एपीएने २०१९ मध्ये पुस्तकांच्या नोंदींतून गावाचे नाव साधारणपणे वगळले. न्यूयॉर्क-लंडनच्या मोठ्या प्रकाशकांपुरते ते ठीक आहे. मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ तरवडीसारख्या खेड्यातून चालवीत. सत्यशोधकी वाङ्मय कोठून निघाले, हा त्याच्या अर्थाचाच भाग आहे. तेथे गाव गाळणे म्हणजे पुरावा गाळणे.

हे सारे का घडले, याचे उत्तर आम्हा अध्यापकांना पक्के ठाऊक आहे. २०१० पासून शोधनिबंधांना गुण आले, २०१८ मध्ये ‘केअर’ यादी आली, आणि निबंध छापणे हे पोटाशी जोडले गेले. २०२५ मध्ये ती यादी आयोगाने बंद केली. यादीत शिरण्यासाठी नियतकालिकांनी अंगावर चढवलेला परदेशी अंगरखा मात्र उतरलेला नाही. वास्तविक यादी गेल्यामुळे संपादकांना थोडी मोकळीक मिळाली आहे. तिचा उपयोग करून मराठी नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र बसावे आणि दोन पानांचे मराठी नियम ठरवावेत, अशी आमची विनंती आहे. संतवाङ्मयासाठी प्रत व संपादक आधी, मग ओवी किंवा अभंगक्रमांक, साल शेवटी. लेखक-लेखिकांची पूर्ण नावे. टोपणनावाशेजारी मूळ नाव. पुस्तकावर शक असेल तर शकच, कंसात इसवी सन. इतके झाले तरी पुष्कळ आहे.

तोवर आम्ही आमच्या वर्गांपुरते एक ठरवले आहे. निबंध वाचायला येणाऱ्या विद्यार्थ्याने सूचीतील प्रत्येक पुस्तक, किंवा निदान त्याच्या मुखपृष्ठाची, श्रेयपृष्ठाची आणि उद्धृत पानाची छायाप्रत बरोबर आणावी. पहिल्याच खेपेला बऱ्याच सूच्या निम्म्याने आटल्या.