आधी नेम सर्व्हरची जागा

सोमवारी सकाळी साडेनऊला चिपळूणच्या डेपोतून स्टोअरकीपरचा फोन आला. "साहेब, लाइट आहे, लाइन आहे, पण लॉगइन होत नाही. अर्धा तास नुसतं गोल फिरतंय." आदल्या शनिवारी आणि रविवारी आम्ही त्या कंपनीची नऊ डोमेन एका डोमेनमध्ये आणली होती. तयारी चार महिने चालली होती. वापरकर्ते, ग्रुप, शेअर, मेलबॉक्स, प्रिंटर, सगळ्यांच्या याद्या झाल्या होत्या. डेपोतला जुना डोमेन कंट्रोलर आता कशाला हवा, म्हणून रविवारी दुपारी तो काढून टाकला. डेपोचा राउटर मात्र डीएचसीपीमधून प्रत्येक संगणकाला त्याच बंद सर्व्हरचा पत्ता पहिला डीएनएस म्हणून देत राहिला. त्यात डेपोचा सबनेट नव्या फॉरेस्टमधल्या कुठल्याच साइटला जोडलेला नव्हता. चिपळूणचे संगणक लॉगइनसाठी कधी पुण्याला जात होते, तर कधी थेट उत्तराखंडात, रुद्रपूरच्या कारखान्यातल्या कंट्रोलरकडे.

आराखडा माझा होता. साठ पानांच्या त्या दस्तऐवजात नेम सर्व्हर कुठे बसणार यावर एकच परिच्छेद होता, तोही शेवटच्या प्रकरणात.

त्या सोमवारला बरीच वर्षे झाली. पण एकत्रीकरणाचे आराखडे आजही वाचायला मिळतात आणि तो परिच्छेद आजही शेवटच्याच प्रकरणात असतो. म्हणून या महिन्याचे संपादकीय त्याच्यावर. नेम सर्व्हर कुठे ठेवायचे हे आधी ठरवावे आणि डोमेनचे झाड नंतर काढावे, असे माझे ठाम मत आहे. आणि ते ठरवताना मुख्यालयाच्या खुर्चीतून खाली बघू नये. सर्वांत लहान शाखेत बसून, लाइन तुटलेल्या दिवशी काय होईल, ते बघावे.

जुनी डोमेन इतकी का झाली, हे तरुण सहकाऱ्यांना ठाऊक नसते, आणि मग आधीच्या माणसांना नावे ठेवली जातात. ती माणसे चुकली नव्हती. विंडोज एनटीच्या काळात खात्यांचा सगळा डेटाबेस सुमारे ४० एमबीच्या आत ठेवावा लागे, आणि त्यात लिहिता येणारा कंट्रोलर डोमेनमागे एकच असे. मोठ्या कंपनीला डोमेन तोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. २००० साली ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली तेव्हा ही मर्यादा गेली, पण वेगळे पासवर्ड धोरण हवे असेल तर वेगळे डोमेन करणे भाग होते. ती अडचण विंडोज सर्व्हर २००८ मध्ये सुटली. सुरक्षेसाठी म्हणून केलेल्या वेगळ्या डोमेनने मात्र कधीच सुरक्षा दिली नाही. एका डोमेनचा प्रशासक ठरवून साऱ्या फॉरेस्टपर्यंत पोहोचू शकतो, खरी सीमा फॉरेस्टची असते. म्हणजे वेगवेगळी डोमेन ठेवण्याची बहुतेक कारणे संपली आहेत, आणि एकत्र करावे की नाही यावर आता फारसा वाद उरलेला नाही.

वाद आहे तो जागेचा. संगणक चालू होतो तेव्हा तो डोमेन कंट्रोलर शोधत नाही, आधी डीएनएसला विचारतो: माझ्या साइटमध्ये या डोमेनचा कंट्रोलर कोण? उत्तर एसआरव्ही रेकॉर्डमधून येते. आपली साइट कोणती हे त्याला कळते ते स्वतःच्या सबनेटवरून. सबनेट नोंदवलेला नसेल तर तो सबंध डोमेनमधल्या कुठल्याही कंट्रोलरकडे जातो, मग तो हजार मैलांवर का असेना. कंट्रोलरवरच्या नेटलॉगॉन लॉगमध्ये अशा प्रत्येक संगणकाची 'नो क्लायंट साइट' अशी ओळ पडते. एकत्रीकरण सुरू करण्याआधी ही एक फाइल उघडून बघा. विसरलेली गोदामे, भाड्याच्या जागेतली विक्री कार्यालये, गेस्ट हाउसमधला वायफाय, कुणाच्याच नकाशात नसलेले सगळे तिथे सापडते. शाखेत कंट्रोलर ठेवणार नसलात तरी तिची साइट आणि सबनेट नोंदवाच. साइट लिंकची कॉस्ट बघून सर्वांत जवळचा कंट्रोलर त्या साइटसाठी स्वतःची नोंद आपोआप करतो.

आता एका गैरसमजाबद्दल, कारण तो अनुभवी लोकांतही दिसतो. संगणकाला दोन डीएनएस दिले की पहिल्याने 'नाही' म्हटल्यावर तो दुसऱ्याला विचारतो, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. 'असे नाव नाही' हेही एक पूर्ण उत्तर आहे आणि ते मिळाले की शोध थांबतो. पहिला सर्व्हर गप्प राहिला तरच दुसऱ्याला विचारले जाते. म्हणून शाखांच्या राउटरवर पहिला डीएनएस कंपनीचा आणि दुसरा सेवादात्याचा किंवा गूगलचा, ही सर्रास दिसणारी रचना धोक्याची आहे. व्हीपीएन क्षणभर अडखळला की संगणक बाहेरच्या सर्व्हरकडे वळतो, तो इमानदारीने 'हे डोमेन अस्तित्वात नाही' असे सांगतो, आणि लाइन सुधारल्यावरही ते 'नाही' कॅशमध्ये बसून राहते. तक्रार 'कधी चालते, कधी नाही' अशी येते आणि लोक केबल बदलत बसतात. आतल्या संगणकांना दिलेले सगळे डीएनएस आतली नावे जाणणारेच असावेत. बाहेरची नावे त्या सर्व्हरांनी फॉरवर्डरकडून आणावीत.

मग शाखेत नक्की काय ठेवायचे? कुलूपबंद खोली, यूपीएस आणि जबाबदार माणूस नसेल तिथे लिहिता येणारा डोमेन कंट्रोलर ठेवू नये. त्या यंत्राच्या डिस्कवर साऱ्या कंपनीचे पासवर्ड हॅश असतात, आणि डेपोत ते स्टेशनरीच्या कपाटावर ठेवलेले मी पाहिले आहे. तीस-चाळीस माणसे असतील तर फक्त वाचता येणारा कंट्रोलर, म्हणजे आरओडीसी, डीएनएससह ठेवावा. पाच-सात माणसांच्या शाखेला तोही जड. तिथे एखाद्या लहान यंत्रावर झोनची दुय्यम प्रत ठेवली तर लाइन गेली तरी तिथला प्रिंटर, तिथले बिलिंगचे यंत्र, तिथला फाइल सर्व्हर एकमेकांना नावाने सापडतात.

पण या दुय्यम प्रतीत एक खाच आहे आणि ती पावसाळ्यात कळते. मूळ सर्व्हरशी संपर्क तुटल्यावर दुय्यम सर्व्हरने किती काळ उत्तरे द्यायची, हे झोनच्या एसओए रेकॉर्डमधला एक्सपायरीचा आकडा ठरवतो. विंडोजच्या डीएनएसमध्ये तो न बदलल्यास ८६,४०० सेकंद असतो, म्हणजे बरोबर एक दिवस. कोकणात दरड कोसळून फायबर तुटले की एका दिवसात जोडले जाईलच असे नाही. दुसऱ्या दिवशी दुय्यम सर्व्हर चालू असतो, दिवे लुकलुकत असतात, पण त्या झोनबद्दल तो तोंड उघडत नाही. आपण त्याला ज्या दिवसासाठी बसवले, नेमक्या त्याच दिवशी तो गप्प होतो. १९९६ च्या आरएफसी १९१२ मध्ये हा अवधी दोन ते चार आठवडे ठेवावा असे सुचवले आहे. झोनच्या गुणधर्मांत एक आकडा बदलायचा आहे, बस. डोमेन कंट्रोलरवरच्या, डिरेक्टरीत साठवलेल्या झोनला हा नियम लागू होत नाही, म्हणून मुख्यालयातल्या चाचणीत ही खाच दिसत नाही.

मुख्यालयाकडे वळू. दुय्यम नेम सर्व्हर कुठे असावेत यावर १९९७ पासून आरएफसी २१८२ उपलब्ध आहे. एकाच खोलीत, एकाच नेटवर्क तुकड्यावर सगळे सर्व्हर ठेवू नका, भूगोलानेही आणि जोडणीनेही ते दूर असू द्या, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टची संकेतस्थळे जवळपास एक दिवस दिसेनाशी झाली, कारण चारही डीएनएस सर्व्हर एकाच जागी होते आणि तिथल्या राउटरच्या मांडणीत चुकीचा बदल झाला. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले तेव्हा सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि चालूही होते. पण डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर स्वतःकडे येणारे रस्ते मागे घ्यायचे, अशी त्यांना शिकवण होती, आणि संपर्क सगळ्यांचाच एकदम तुटला. दुरुस्तीची आतली साधनेही त्याच नावांवर अवलंबून असल्याने दुरुस्ती करणाऱ्यांचेच हात बांधले गेले.

आपल्याकडे हेच वर्तुळ लहान आकारात घरोघरी आहे. दोन्ही डोमेन कंट्रोलर व्हर्च्युअल, दोन्ही एकाच क्लस्टरवर. क्लस्टरचे होस्ट एकमेकांना आणि स्टोरेजला नावाने शोधतात. ती नावे सांगणारा डीएनएस क्लस्टरच्या आत. वीज जाऊन यूपीएसही संपला की सगळे पुन्हा उभे करताना कोण आधी, हा प्रश्न पडतो. एक कंट्रोलर क्लस्टरबाहेर, साध्या यंत्रावर, वेगळ्या फीडवर ठेवा. वित्त विभागाला हा खर्च फालतू वाटेल. त्यांच्याशी भांडून तो मंजूर करून घ्या.

नव्या डोमेनच्या नावाबद्दल थोडक्यात. '.लोकल' नको. २०१३ पासून ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे. कधीकाळी सगळ्यांनी 'कॉर्प' हे नाव बिनधास्त वापरले. पुढे 'कॉर्प.कॉम' ज्याच्या हाती, त्याच्याकडे जगभरातल्या कंपन्यांच्या संगणकांचे आतले प्रश्न जाऊन पोहोचू लागले, आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टला ते नाव विकत घ्यावे लागले. स्वतःच्या नोंदणीकृत नावाखालचे उपडोमेन घ्या, वाद मिटतो. सहकारी बँकांतल्या मित्रांसाठी एक वेगळी सूचना. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक.इन' वर येण्यास सांगितले, तो बदल बाहेरच्या, ग्राहकाला दिसणाऱ्या नावाचा आहे. त्याच मुहूर्तावर आतले डोमेनही बदलून टाकू, असा विचार कुणी मांडला तर नकार द्या. दोन्ही बदल एकत्र झाले की बिघाड कुठल्या बाजूचा हे शोधण्यात रात्री जातात.

खाती हलवण्याच्या साधनांवर, सिड हिस्टरीवर, टोकन फुगण्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, ते इथे उगाळत नाही. जुना नेम सर्व्हर कधी बंद करायचा यावर मात्र कमी बोलले जाते. त्याला येणाऱ्या प्रश्नांचा लॉग चालू करा आणि किमान एक महिनाअखेर उलटू द्या. पगाराचा प्रोग्राम महिन्यातून एकदाच जागा होतो, तिमाहीचे विवरण त्याहून उशिरा, आणि ३१ मार्चला लेखा विभागातली एखादी एक्सेलची फाइल दहा वर्षांपूर्वीच्या सर्व्हरचे नाव घेऊन हाक मारते. लॉगमध्ये दिसणारे प्रत्येक जुने नाव कुणाचे, हे विचारून लिहून ठेवा. नव्या डोमेनमध्ये त्याला टोपणनाव द्या किंवा तो प्रोग्रामच दुरुस्त करा. प्रश्न यायचे थांबले की सर्व्हर आधी नुसता बंद ठेवा, पुसू नका.

आणि कटओव्हरच्या आधीच्या रविवारी एक काम स्वतः करा, कुणावर सोपवू नका. सर्वांत लहान शाखेत जा, तिथल्या माणसाला बोलवा, चहा मागवा आणि लाइनची केबल उपटून एक तास बसा. लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करायला सांगा, चलन छापायला सांगा, माल आत घ्यायला सांगा, आणि कोण कुठे अडले ते मिनिटासकट वहीत लिहा. चिपळूणच्या त्या डेपोत आम्ही हे पुढच्या मे महिन्यात केले. लॉगइन झाले, फाइल उघडली, अडला तो चलनाचा प्रिंटर. त्याचे नाव अजून फक्त पुण्यातल्या जुन्या सर्व्हरला माहीत होते.